डायपरमधला रंग कोणासाठी?

एकदा वापरून टाकून द्यायच्या डायपरचा बाळाच्या त्वचेला लागणारा थर बहुधा पांढरा असला, तरी बाहेरच्या पदरावर छापलेली चित्रे, कमरेच्या पट्टीवरच्या आणि पायांभोवतीच्या कडांवरच्या निळ्या-हिरव्या छटा आणि मधोमध ओल दाखवणारी पिवळी रेघ असा रंगाचा बराच पसारा त्यात असतो. या पसाऱ्याकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते: एकीला रंगाची भीती अनाठायी वाटते, तर दुसरीच्या मते प्रश्न भीतीचा नसून गरजेचा आहे. या लेखात त्या दोन भूमिका दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक लहान मुलांच्या त्वचाविकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर, आणि दुसरे रंगरसायन शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. सामान्य अपेक्षेच्या उलट येथे रंगाची बाजू डॉक्टर घेतात आणि रंग नको असे प्राध्यापक म्हणतात. ही अदलाबदल हेतुपूर्वक केली आहे, कारण रोज पुरळ पाहणाऱ्याला त्यातले किती थोडे रंगामुळे उठलेले असते हे ठाऊक असते, आणि आयुष्यभर रंग हाताळलेल्याला ‘रंग’ या एका शब्दाखाली किती निरनिराळी रसायने नांदतात याची जाणीव असते.

डॉक्टर : सर, डायपरखाली त्वचा लाल झाली की हल्ली पालकांचा पहिला संशय रंगावर जातो, आणि निदानाची वाट तिथेच चुकते. या पुरळाचे सर्वांत मोठे कारण ओल हेच आहे. सतत भिजलेल्या त्वचेचा वरचा थर फुगून कमकुवत होतो, त्यावर घर्षण होते, आणि त्यात शी आणि शू एकत्र आली की शीमधल्या जीवाणूंचे युरिएज नावाचे विकर लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करते. त्यामुळे त्वचेवरचा सामू वाढतो आणि वाढलेल्या सामूत शीमधली प्रथिने व स्निग्ध पदार्थ पचवणारी विकरे अधिक जोमाने त्वचेवरच काम करू लागतात. असे पुरळ डायपरला टेकणाऱ्या फुगीर भागांवर उठते आणि जांघेच्या घड्या बऱ्याच अंशी सुटतात. उलट घड्यांमध्येच गडद लाली असेल आणि तिच्या कडेने बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या असतील, तर कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग असण्याचा संभव अधिक. या दोन्हींशी रंगाचा संबंध नाही. पण रंगावर खापर फोडून आईवडील ब्रँड बदलत राहतात आणि डायपर वेळेवर बदलायचे तेवढे राहून जाते.

प्राध्यापक : हे सर्व मान्य आहे, डॉक्टर. परंतु बहुतेक पुरळ ओलीमुळे उठते याचा अर्थ सर्वच पुरळ ओलीमुळे उठते असा होत नाही. अमेरिकेतील ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २००५ साली काही बालकांची प्रकरणे प्रसिद्ध झाली, आणि त्यांत डायपरच्या रंगीत भागांमुळे झालेल्या ॲलर्जीचे वर्णन आहे. जिथे रंगीत पट्टी त्वचेला लागत होती तिथेच पुरळ होते, आणि रंगविरहित डायपर वापरायला लागल्यावर ते गेले. नेहमीच्या मलमांनी न हटणारे पुरळ केवळ डायपर बदलल्याने जाते, ही बाब दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

डॉक्टर : दुर्लक्ष करावे असे कोणीही म्हणत नाही, पण ती मोजकी प्रकरणे आहेत, आणि डायपर मात्र कोट्यवधी बाळे वापरतात. शिवाय उत्पादक असे सांगतात की आता वापरले जाणारे रंग बाहेरच्या थरात बंदिस्त असतात आणि त्वचेपर्यंत पोचत नाहीत.

प्राध्यापक : ‘रंग बंदिस्त असतो’ हे वाक्य कधी खरे असते आणि कधी नसते, हे रंगाच्या जातीवर अवलंबून आहे. रंगरसायनात रंजक आणि रंगद्रव्य असा भेद केला जातो. रंजक पाण्यात किंवा अन्य द्रावकात विरघळतो वा अतिसूक्ष्म रूपात विखुरला जातो, आणि तंतूच्या आत शिरून तिथे टिकून राहतो. त्याचा जो अंश तंतूत पक्का बसलेला नसतो, तो घामाबरोबर किंवा तेलाबरोबर पुन्हा बाहेर येऊ शकतो. रंगद्रव्य विरघळतच नाही. भिंतीवर चुना बसावा तसे त्याचे कण बंधक पदार्थाच्या साहाय्याने पृष्ठभागावर बसतात, किंवा प्लॅस्टिक वितळलेले असतानाच त्यात मिसळले जातात. पॉलिएथिलीनच्या बाहेरच्या पदरावर रंगद्रव्याच्या शाईने चित्र छापले असेल आणि त्या चित्रात व बाळाच्या त्वचेत लाकडाच्या लगद्याचा आणि शोषक पॉलिमरचा जाड गादीसारखा थर असेल, तर त्या चित्रापासून ॲलर्जी होण्याची शक्यता खरोखरच अल्प. मात्र मांडीला घासणारी कड किंवा कमरेची पट्टी रंगीत असेल, तर तिथे हा आडपडदा नसतो.

हा भेद पालकांशी होणाऱ्या चर्चेत क्वचितच येतो, आणि त्यामुळे रंगाविषयीचे बहुतेक वाद निष्फळ ठरतात. पाठीमागच्या पदरावरच्या ससुल्याच्या चित्राने घाबरलेला पालक आणि ते चित्र निरुपद्रवी असल्याचे सांगून सर्वच रंगांना निर्दोष ठरवणारा विक्रेता, दोघेही एकच चूक करतात: रंग कोणता आहे आणि तो कोठे आहे, हे दोन्ही प्रश्न ते विचारत नाहीत. महाराष्ट्रात ही जाण कमी असण्याचे काही कारण नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला तेव्हापासून वस्त्ररसायन हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे, आणि त्याचे पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी संपादित केलेले कृत्रिम रंजकांच्या रसायनावरचे अनेक खंडांचे इंग्रजी ग्रंथ जगभर संदर्भासाठी वापरले गेले. इतक्या जवळ असलेले ज्ञान पाळण्यापर्यंत पोचू नये, ही खेदाची गोष्ट आहे.

डॉक्टर : मग सर, ॲलर्जीच्या दृष्टीने खरोखर चिंता करावी असे रंजक कोणते?

प्राध्यापक : विखुरणारे रंजक, ज्यांना उद्योगात डिस्पर्स डाय म्हणतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत आणि पॉलिएस्टर, ॲसिटेट यांसारख्या कृत्रिम तंतूंना रंगवण्यासाठी वापरले जातात. त्यांचे रेणू लहान आणि स्निग्ध पदार्थांत मिसळणारे असल्याने सैल राहिलेला अंश त्वचेत शिरू शकतो. त्यांपैकी डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ हे दोन निळे रंजक कापडामुळे होणाऱ्या ॲलर्जीत वारंवार आढळले, आणि अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचाविकारांच्या तज्ज्ञसंस्थेने २००० साली ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ म्हणून निळ्या डिस्पर्स रंजकांचीच निवड केली. अशा ॲलर्जीत पहिल्या संपर्कात काहीच दिसत नाही. शरीराच्या प्रतिकारपेशी तो पदार्थ ओळखून ठेवतात आणि नंतर त्याची अल्प मात्राही पुरळ उठवू शकते. म्हणून एखादा डायपर महिनाभर चालला, एवढ्यावरून तो पुढेही चालेल असे अनुमान काढता येत नाही. त्यात डायपर हे त्वचेवरचे झाकण आहे. झाकलेल्या, उबदार आणि ओलसर त्वचेत बाहेरचे पदार्थ अधिक सहज शिरतात.

डॉक्टर : पुरळाच्या जागेवरून रंगाला दोषी ठरवण्यात मात्र एक मोठी अडचण आहे. कुल्ल्यांच्या बाहेरच्या बाजूला आणि कमरेला उठणाऱ्या पुरळाला १९९८ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी ‘लकी ल्यूक’ या चित्रकथेतल्या काउबॉयचे नाव दिले, कारण त्याच्या कमरेला पिस्तुलाचे म्यान जिथे लटकते नेमके तिथे ते पुरळ दिसत होते. त्याचे कारण रबरातले रासायनिक घटक निघाले. पुढे अशाच प्रकरणांत चिकटवण्याच्या गोंदातली राळही सापडली. म्हणजे ज्या कडेवर रंग असतो त्याच कडेत लवचीक दोरा आणि गोंदही असतो. रंगविरहित डायपर वापरून पुरळ गेले, तर रंग गेल्यामुळे गेले की नव्या डायपरचा गोंद वेगळा असल्यामुळे, हे कसे ठरवणार?

प्राध्यापक : केवळ डायपर बदलून ते ठरत नाही, हे खरे. त्यासाठी पॅच टेस्ट करावी लागते, म्हणजे संशयित पदार्थ अल्प प्रमाणात पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवायचा आणि नंतर तिथली प्रतिक्रिया पाहायची. पण डॉक्टर, ती चाचणी योग्य प्रकारे करायची तर डायपरमध्ये नेमके कोणते रंजक, कोणते रबर आणि कोणती राळ आहे याची यादी हाती हवी, आणि ती पाकिटावर बहुधा नसते. ज्या घटकाचे नाव लपलेले आहे त्याच्यावरचा आरोप सिद्ध होत नाही, आणि सिद्ध होत नाही म्हणून तो निर्दोष मानला जातो. हा न्याय उलटा आहे.

येथे वादाचा गाभा उघड होतो. डायपरच्या पुरळात रंगाचा वाटा लहान असल्याचे डॉक्टरांचे प्रतिपादन अनुभवाला धरून आहे. तरीही तो वाटा नेमका किती लहान, हे मोजण्याचे साधनच उत्पादकाच्या हाती राहिले असेल, तर त्या प्रतिपादनाला जितके बळ दिसते तितके असत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली मासिक पाळीत वापरायच्या पॅडसारख्या वस्तूंच्या पाकिटावर घटकांची यादी छापणे कायद्याने सक्तीचे केले. दिवसरात्र डायपरमध्ये असणाऱ्या बालकाच्या बाबतीत त्याहून कमी पारदर्शकता पुरेशी मानण्याचे समर्थन करता येत नाही.

डॉक्टर : यादी असावी, याला विरोध नाही. पण ती लोकांना कुठे नेते, तेही पाहिले पाहिजे. फ्रान्सच्या अन्न, पर्यावरण व व्यावसायिक आरोग्य सुरक्षा संस्थेने २०१९ साली डायपरविषयी अहवाल दिला आणि त्यात सुगंधी द्रव्ये, डायॉक्सिन आणि इतर रसायने आढळल्याचे सांगितले. सर्वत्र घबराट झाली. फ्रान्सने युरोपभर निर्बंध आणण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु युरोपीय रसायन संस्थेच्या जोखीम समितीने २०२१ साली धोका सिद्ध झालेला नाही असा निष्कर्ष काढला.

प्राध्यापक : दोन्ही अहवाल नीट वाचले तर त्यांचा रंगाशी फारसा संबंध नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. फ्रान्समध्ये चिंता होती ती मुख्यतः अशुद्धींची. हेतुपूर्वक न घातलेल्या, पण कच्च्या मालातून, चिकटवण्याच्या किंवा पांढरे करण्याच्या प्रक्रियेतून येणाऱ्या पदार्थांची. आणि त्यामुळेच पांढरा डायपर म्हणजे आपोआप शुद्ध डायपर, हा समज सोडावा लागतो. लाकडाचा लगदा मूळचा तपकिरी असतो. पूर्वी तो क्लोरीन वायूने पांढरा करत आणि त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी संयुगे अल्प प्रमाणात तयार होत. आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी क्लोरीन डायॉक्साइड वापरतात, आणि काही कारखाने क्लोरीन पूर्ण टाळून ऑक्सिजन व हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करतात. प्लॅस्टिकच्या पदराचा दुधी पांढरेपणाही बहुधा टायटॅनियम डायॉक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचा असतो. ‘क्लोरीनमुक्त’ हा शब्द विरंजनाविषयी आहे, रंगाविषयी नाही. ‘सुगंधविरहित’ हा सुगंधाविषयी आहे. रंग नको असेल तर रंग नसल्याचे शब्द स्वतंत्रपणे शोधावे लागतात.

डॉक्टर : सुगंधाचा विषय निघाला म्हणून सांगावेसे वाटते, की डायपरच्या जागी उठणाऱ्या खऱ्या ॲलर्जीत वाइप्स, म्हणजे पुसायचे ओले रुमाल, यांना विसरून चालणार नाही. २०१४ साली अमेरिकेत सहा मुलांची प्रकरणे प्रसिद्ध झाली. त्यांचे पुरळ आधी एक्झिमा किंवा संसर्ग समजून वेगळेच उपचार चालले होते, आणि कारण निघाले वाइप्समध्ये घातलेले मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक. कितीतरी घरांत डायपर महागडा, रंगविरहित आणला जातो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी त्वचा पुसली जाते ती सुगंधी वाइपने. कोमट पाणी आणि मऊ सुती कापड पुरेसे असते.

प्राध्यापक : या मुद्द्यावर मतभेद नाही. उलट, त्यातून एक कसोटी मिळते. डायपरमधल्या प्रत्येक घटकाला विचारावे: बाळासाठी तुझे काम काय? शोषक पॉलिमर ओल धरतो, लवचीक दोरा गळती थांबवतो, गोंद थर एकत्र ठेवतो. त्यांच्यापासून काही धोका असला तरी बदल्यात उपयोग मिळतो, आणि म्हणून धोका व लाभ तोलता येतात. पायाच्या कडेवरच्या निळ्या रंगाच्या पारड्यात बाळासाठी काहीच नसते. तो दुकानात पाकीट उचलणाऱ्या मोठ्या माणसासाठी असतो. ज्याचा लाभ शून्य आहे त्याचा धोका कितीही लहान असला, तरी तो पत्करण्याचे कारण उरत नाही.

डॉक्टर : मग ओल दाखवणाऱ्या रेघेचे काय? ती रंगानेच काम करते.

प्राध्यापक : तिला ही कसोटी लागू केली तर ती बऱ्याच अंशी उत्तीर्ण होते. त्या रेघेत अनेकदा ब्रोमोफिनॉल ब्लू हा दर्शक गोंदात मिसळलेला असतो. आम्लयुक्त स्थितीत तो पिवळा असतो आणि सामू साडेचारच्या पुढे गेला की निळा होतो. लघवीचा सामू साधारणपणे त्याहून जास्त असल्याने ओल लागताच रेघ रंग बदलते. ही रेघ शोषक गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला, बाहेरच्या पदराला लागून असते, त्वचेला नव्हे.

डॉक्टर : आणि अशक्त, वजन कमी असलेल्या नवजात बाळाला पुरेशी लघवी होते आहे का, हे पाहताना ती रेघ परिचारिकेला आणि नव्या आईला खरोखर उपयोगी पडते. तेव्हा ‘रंग नको’ ही घोषणा सरसकट करू नये, एवढेच म्हणणे आहे.

डॉक्टरांचा हा आग्रह योग्य आहे, आणि प्राध्यापकांच्या कसोटीचे बळही त्यातूनच सिद्ध होते, कारण जी कसोटी सरसकट नकार देते ती निवडीला मदत करत नाही. भारतात कायदा या निवडीला कितपत साथ देतो, ते आता पाहायला हवे. भारतीय मानक ब्यूरोने टाकाऊ बेबी डायपरसाठी आयएस १७५०९ हे मानक २०२१ साली प्रसिद्ध केले. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, केंद्र सरकारने बेन्झिडीनवर आधारित ४२ आणि अन्य ७० ॲझो रंजकांवर बंदी घातली होती, कारण हे रंजक विघटन पावून कर्करोगकारक अमाइन संयुगे निर्माण करू शकतात. युरोपीय संघाने २००२ साली अशा २२ अमाइनांसाठी वस्त्रांमध्ये किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, आणि ज्या वस्तूंना ती लागू होते त्यांच्या यादीत बाळाच्या लंगोटांचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु हे निर्बंध कर्करोगाच्या धोक्यासाठी आहेत. ॲलर्जी हा वेगळा प्रश्न असून बंदी नसलेला रंजकही ॲलर्जी निर्माण करू शकतो. पाकिटावरच्या ‘त्वचारोगतज्ज्ञांकडून तपासलेले’ या शब्दांतून कोणती तपासणी, किती जणांवर आणि काय निष्कर्ष, यांपैकी काहीच कळत नाही. त्या मानाने ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे प्रमाणपत्र अधिक नेमके आहे, कारण त्याचा पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंसाठी सर्वांत कडक मर्यादा घालतो आणि ॲलर्जीकारक डिस्पर्स रंजकांची यादी करून त्यांना वगळतो.

डॉक्टर : रंगाला घाबरलेले पालक शेवटी कापडाकडे वळतात, सर. तिथे धोका असा, की कापड ओल धरते पण त्वचेपासून दूर ठेवत नाही. शोषक पॉलिमर आल्यापासून डायपरच्या आतली त्वचा पुष्कळ कोरडी राहू लागली आहे. लंगोट ओला होताच बदलला नाही, तर रंगापासून सुटका होईल आणि ओलीचे पुरळ घरात येईल.

प्राध्यापक : लंगोट ओला होताच बदलायचा, हाच तर घराघरांतला जुना नियम होता. आजीच्या काळचे लंगोट आणि दुपटी जुन्या धोतराची किंवा विरलेल्या सुती पातळाची असत, यात काटकसर होतीच. पण रसायनाच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे होते. धोतर मुळात न रंगवलेले, आणि पातळ इतक्यांदा धुतलेले, की त्यातला सैल रंग केव्हाच निघून गेलेला. आजचे तयार कापडी डायपर मात्र वेगळे आहेत. त्यांचा बाहेरचा पदर पॉलियुरेथेनचा लेप दिलेल्या छापील पॉलिएस्टरचा असतो, त्याबद्दल फारशी तक्रार नाही. पण कित्येकांचा त्वचेला लागणारा आतला थरही रंगीत पॉलिएस्टरचा, अगदी काळ्या किंवा गडद राखाडी रंगाचा असतो, कारण त्यावर डाग दिसत नाहीत. पॉलिएस्टर रंगवतात डिस्पर्स रंजकांनी. म्हणजे टाकाऊ डायपरच्या बाहेरच्या चित्राला भिऊन पालक अशा वस्तूकडे वळतात, जिच्यात चिंताजनक जातीचा रंग थेट त्वचेवर येऊ शकतो.

हा या संवादातला सर्वांत उपयोगी मुद्दा आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘कापडी’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द बाजारात एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण पॉलिएस्टरचा आतला थर असलेला कापडी डायपर रसायनाच्या दृष्टीने मलमलीच्या लंगोटापेक्षा खेळाडूच्या बनियनला अधिक जवळचा आहे. कापडी डायपर घ्यायचा तर आतला थर न रंगवलेल्या सुताचा, किंवा निदान पांढरा असावा; नवा संच वापरण्याआधी दोनतीनदा धुवावा; कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव टाळावे, कारण त्याने सुगंधाची भर पडते आणि कापडाची शोषणक्षमताही घटते; आणि साबण राहू नये इतके खळबळून काढावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, तर मराठवाड्यात उन्हाळ्यात धुवायला पाणी नसते, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांसाठी कोणत्याही आईला अपराधी वाटू देणे अन्यायाचे आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २००८ सालच्या अभ्यासातही कापडी लंगोटाचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः तो कसा धुतला व वाळवला जातो यावरच ठरतो, असे दिसून आले होते.

डॉक्टर : तर मग दिवसा घरी सुती लंगोट, आणि रात्री किंवा प्रवासात कडा व कमरपट्टी रंगीत नसलेला डायपर, अशी विभागणी सांगता येईल. पण सर, रंग आणि सुगंध नसलेले डायपर ‘प्रीमियम’ म्हणून अधिक किमतीला विकले जातात. ज्या घरात दिवसाला पाच डायपरचा खर्चही जड जातो, त्यांना हा सल्ला कसा द्यायचा?

प्राध्यापक : ज्या वस्तूत एक घटक कमी आहे तिची किंमत जास्त असावी, ही बाजाराची रीत आहे, रसायनाची नव्हे. रंग घालायला खर्च येतो, न घालायला येत नाही. सरकारी रुग्णालये आणि महापालिकांची प्रसूतिगृहे डायपर खरेदीच्या निविदेत ‘त्वचेला लागणाऱ्या कोणत्याही भागावर रंग व सुगंध नसावा आणि घटकांची यादी द्यावी’ अशी अट घालू शकतात. मोठ्या खरेदीदाराने मागितलेली वस्तू स्वस्त होते.

डॉक्टर : ती अट निविदेत येईपर्यंत घरात काय करायचे, ते सांगितले पाहिजे. बाळाला पुरळ नसेल तर चालू असलेला डायपर केवळ रंगासाठी बदलण्याची घाई नको. वेळेवर बदलणे, पाण्याने धुणे, टिपून कोरडे करणे आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा थर देणे पुरेसे आहे. पुरळ असेल आणि ते रंगीत कडेच्या रेषेत उठत असेल, तर वाइप्स बंद करून दोन आठवडे रंग व सुगंध नसलेला डायपर किंवा पांढरा सुती लंगोट वापरून पाहावा. तेवढ्यानेही ते गेले नाही, घड्यांमध्ये उतरले, फोड आले किंवा बाळाला ताप आला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि जाताना डायपरचे, वाइप्सचे आणि लावत असलेल्या मलमाचे पाकीट सोबत न्यावे.